गावाच्या ओळीतले चौदा

आमच्या आबांना फोनवर पूर्ण वाक्य बोलायची सवय नव्हती. एसटीडीचं मीटर पळतं म्हणून तसं, असंही नाही. समोर बसले तरी ते तसंच बोलायचे. "गावाच्या ओळीत चार वाढव." संपलं. कोण चार, कशाला चार, काल सांगितले त्यातलेच की निराळे, हे विचारायला मी तोंड उघडेपर्यंत फोन खाली. मी तेव्हा जळगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आईआबा धुळ्याला देवपुरात राहत होते, आणि धाकट्या बहिणीचं लग्न तिथंच, महिन्यावर आलं होतं. लग्नाच्या जेवणाचं सगळं गणित मी क्लासमधल्या कॉम्प्युटरवर मांडून देते, असं मीच मोठ्या तोंडानं सांगून बसले होते. त्याची शिक्षा मी पुढे महिनाभर भोगली.

हे गणित मांडायची वेळ आली तीही माझ्याच लग्नामुळे. सहा वर्षांपूर्वी गावातल्या घरापुढे मांडव घालून माझं लग्न लागलं, तेव्हा जेवणाची सगळी जबाबदारी माझ्या काकांकडे होती. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आबा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत धुळ्याला आलेले, काका गावातली शेती बघायचे. आमच्याकडे लग्नाचं आवतण दोन तऱ्हांनी देतात. एक, घरातल्या एका माणसाला. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत घरातला प्रत्येक जीव मांडवात जेवणार. कुणाला एक आणि कुणाला चूलबंद, हे आबांनी वहीत नीट लिहून दिलं होतं. काका ती वही खिशात घालून आवतण द्यायला निघाले आणि ज्या दारात उभे राहिले त्या दारात "बठ्ठा या", सगळे या, म्हणत गेले. एका माणसाला बोलवायचं आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकापोरांकडे बघून न बघितल्यासारखं करायचं, हे त्यांना जमायचंच नाही.

चौथ्या पंगतीला बट्ट्या संपल्या. वांग्याच्या भाजीत पाणी वाढवलं, वरणात पाणी वाढवलं, पण बट्टीत काय वाढवणार? गावातली माणसं रिकाम्या पत्रावळीसमोर अर्धा तास बसून राहिली. पीठ आणायला तालुक्याला गेलेली जीप यायचं नाव घेईना. आबांना संताप आवरला नाही. चारचौघांत ते काकांना म्हणाले, "तुले मानसं मोजता येत नही." काकांनी डोक्याला गुंडाळलेलं उपरणं सोडून खांद्यावर टाकलं. "मोजीसन जेवाले घालनारा तू. मी नही." एवढं बोलून ते मांडवाबाहेर गेले ते गेलेच.

माझ्या पाठवणीला काका नव्हते. जीपमध्ये बसेपर्यंत मी मान वळवून वळवून त्यांना शोधत होते. ज्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रा बघितली ते काका माझ्या पाठवणीला नाहीत, याचा मला फार राग आला, आणि तो मी पुढे कित्येक वर्षं जपून ठेवला. माहेरी आले की विषय निघायचा, आणि निघाला नाही तर मी काढायची. "भांडण तुमचं, माझ्या पाठवणीला यायला काय झालं होतं?" आबा उठून ओट्यावर जायचे. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद होतं. एकमेकांच्या दारावरून जायची वेळ आली तर दोघंही पायातल्या चपलांकडे बघत जात.

म्हणून या लग्नात आबांचा एकच हट्ट होता. पत्रावळीसमोर कुणी ताटकळत बसता कामा नये. यंदाही जेवण कमी पडलं, तर सगळं गाव म्हणणार की तेव्हाही काकांची चूक नव्हती, मोजणाराच कच्चा होता. भावाशी सहा वर्षं अबोला धरलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं.

स्प्रेडशीट दिसायला देखणी झाली होती. वर प्रत्येक घराची एक ओळ, आवतण एकाचं की चूलबंद, आणि माणसं किती. खाली गावागणिक बेरीज: आमचं गाव, आईच्या माहेरचं पाचोरा, रावेरचे पाहुणे, देवपुरातली गल्ली, आबांच्या ऑफिसातले लोक, अशा चाळीसेक ओळी. प्रत्येक ओळीपुढे पीठ, डाळ, वांगी, गूळ, तूप. कुणाची पंगत कधी बसणार ते ठरलेलं, तेवढ्याच बट्ट्या त्या वेळी तळायच्या. माणसांचा आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप बदलत होतं. मी पहिला कागद छापून आणला तेव्हा आबांनी तो खिडकीपाशी नेऊन बघितला, आणि म्हणाले, "बट्टीला माणशी दीडशे ग्रॅम कुणी सांगितलं?" तुम्हीच सांगितलं, म्हटलं. "आचारी दोनशे म्हणतो."

आचारी पाचोऱ्याकडचा होता, त्या भागातली बहुतेक लग्नं त्यानंच उरकलेली. तो दोनशे म्हणाला म्हणजे दोनशे. पण माझी पंचाईत अशी की माणसं गुणिले दीडशे ग्रॅम हे सूत्र मी चाळीस ओळींत चाळीस वेळा लिहिलं होतं. असा आकडा एका वेगळ्या चौकोनात एकदाच लिहावा आणि सगळ्या सूत्रांनी तिथं बघावं, हे मी रोज पोरांना फळ्यावर काढून शिकवत होते. शिकवणारी मी, न ऐकणारीही मीच.

मग म्हटलं शोधा आणि बदला. त्या प्रोग्रामला एक शब्द शोधायला सांगितला की तो सगळ्या पानावर फिरून त्याच्या जागी दुसरा घालतो. मी शोधायच्या चौकटीत गुणाकाराचं चिन्ह आणि पुढे दीडशे ग्रॅमचा आकडा लिहिला, "*0.15". बदलायच्या चौकटीत "*0.2". सगळीकडे बदल, म्हटलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पिठाचा अख्खा रकाना उडाला. चाळीस ओळींत आकड्यांऐवजी नुसतं "*0.2", "*0.2", "*0.2". सूत्रं गायब.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गुणाकाराचा तो तारा शोधायच्या चौकटीत गुणाकार राहत नाही. तिथं तो रमीतला जोकर होतो, कशाच्याही जागी बसतो. मी त्याला सांगितलं होतं की काहीही असो आणि शेवटी दीडशे ग्रॅम असो, ते सगळंच्या सगळं उचल. त्यानं बिचाऱ्यानं सूत्राच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं उचललं. खरा तारा हवा असेल तर त्याच्या आधी एक लहरी रेघ द्यावी लागते, कीबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातली, जी मी तोवर धूळ पुसण्यापलीकडे कधी दाबली नव्हती. हे मला एका जाड इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपेत सापडलं, आणि ते सापडेपर्यंत माझी दुपार गेली. इतकी महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरात लिहिणाऱ्याला माझ्या आबांच्या हाताखाली महिनाभर ठेवायला पाहिजे होतं.

तर असा तो जोकर मला माहीत झाला. माणसाला एखादी नवी युक्ती कळली की ती वापरायला तो कारण शोधत राहतो. मला कारण शोधावं लागलं नाही, आबांनी पुरवलं.

रोज फोन. क्लासच्या खाली झेरॉक्सवाल्याकडे एसटीडी होतं, तिथून हाक यायची आणि मी जिना उतरून धावायची. "पाचोऱ्याला तीन वाढव." "गल्लीत दोन वाढव." "गावाच्या ओळीत पाच." नावं मागितली तर म्हणायचे, वहीत लिहितो नंतर. वर येऊन प्रत्येक वेळी नवी ओळ घाला, तिला बेरजेत घ्या, इतका वेळ कुणाला होता? पोरं कॉम्प्युटरसमोर ताटकळलेली असायची. मी आपली त्या गावाच्या सूत्राच्या शेपटीला अधिक तीन, अधिक दोन, असं लिहून मोकळी व्हायची. थोड्याच दिवसांत सूत्रांना अशा लांब शेपट्या फुटल्या की कुठला आकडा कुणाचा, हे मलाच सांगता येईना.

एका दुपारी असाच फोन आला. "गावाच्या ओळीत चौदा."

"चौदा? कोण एवढे?"

"वाढव."

नेहमी ते एवढ्यावर फोन ठेवायचे. त्या दिवशी ठेवला नाही. तारेवर नुसती खरखर येत होती. मग म्हणाले, "वाढवशील ना?"

"वाढवते म्हटलं ना आबा!" मी चिडूनच बोलले, कारण झेरॉक्सवाल्याकडे आणखी दोन माणसं फोनसाठी उभी होती. वर जाऊन मी अधिक चौदा लिहिलं आणि विसरून गेले.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा आबांची वही हातात आली. रावेरचा एक पाहुणा धुळ्याहून परतताना जळगावला उतरणार होता, त्याच्याकडे त्यांनी ती पाठवली. वहीत सगळी नावं होती, फोनवर नुसते आकडे सांगितलेले ते तीन आणि दोन आणि पाचसुद्धा, आता घराच्या नावासकट. मी दोन दुपारी बसून सगळी नावं ओळींमध्ये घातली. म्हणजे आता तीच माणसं दोनदा मोजली जात होती, एकदा नावानं आणि एकदा शेपटीनं. शेपट्या कापायला हव्या होत्या. तरी मी आपल्या परीनं शहाणपणा केला. कापण्याआधी फोन करून विचारलं.

"आबा, सगळी माणसं वहीत आली ना? मग वरचे वाढवलेले आकडे काढून टाकते."

"वहीत आले ते आले."

"म्हणजे काढू?"

"तुले कसं बरं वाटेल तसं कर."

हे काय उत्तर झालं? हो म्हणावं, नाही म्हणावं. जेवणाऱ्या माणसांच्या आकड्यात मला काय बरं वाटायचं होतं? मी फोन आपटला आणि तणतणत जिना चढले. मोजायची एवढी हौस असलेल्या माणसाला एक सरळ आकडा देता येऊ नये, याचा मला त्या क्षणी जो वैताग आला, त्या वैतागातच मी शोधायच्या चौकटीत "+*" लिहिलं. अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे जोकर, म्हणजे अधिकच्या पुढे जे काही असेल ते सगळं. बदलायची चौकट रिकामी ठेवली. सगळीकडे बदल.

शेपट्या गेल्या. शेपट्यांबरोबर रावेरचे पाहुणेही गेले. त्या ओळीत मी आळसानं घराला घर अधिकच्या चिन्हानंच जोडलं होतं, त्यामुळे पहिल्या अधिकपासून पुढचं सगळं कापलं गेलं आणि रावेरहून येणारी भरलेली बस पाच माणसांवर आली. किती जागी बदललं हे सांगायची त्या प्रोग्रामला पद्धत नव्हती, आणि एकच पाऊल मागे जाता यायचं. ते एक पाऊल मी रावेर दिसायच्या आधीच दुसऱ्या कुठल्यातरी फालतू दुरुस्तीत खर्च केलं होतं. सुदैवानं फ्लॉपीवर सकाळची प्रत होती. ती काढली, रावेरची ओळ सरळ केली, पुन्हा "+*". या वेळी एकेका गावाचा आकडा वहीशी ताडून बघितला. पाचोरा जुळलं. रावेर जुळलं. आमचं गाव, वहीत दोनशे तीन, कागदावर दोनशे तीन. चाळीसच्या चाळीस ओळी जुळल्या. मी त्या दिवशी स्वतःला चहाबरोबर खारी खाऊ घातली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी कागद घेऊन देवपुरात पोचले. घरात बायकांची वर्दळ, अंगणात वांग्यांचा ढीग, आणि आबा ओट्यावर उभे. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, पायात चपला, हातात कापडी पिशवी. कुठंतरी निघाल्यासारखे दिसत होते. मी पाणीही न पिता कागद त्यांच्या हातात दिला, कारण मला शाबासकी हवी होती.

त्यांनी चष्मा लावला. वरून खाली बघितलंच नाही. बोट सरळ आमच्या गावाच्या ओळीवर गेलं आणि तिथंच थांबलं.

"दोनशे तीन," ते म्हणाले.

"हो. वहीशी जुळतंय सगळं."

"हे तू केलं?"

"मग कोण करणार? आणि आता एकाही आकड्याला हात लावायचा नाही हं आबा. पक्कं झालंय."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, चपला काढल्या, टोपी खुंटीला अडकवली आणि आत जाऊन खाटेवर बसले. मला राग आला. इतकं राबून, जिने चढून उतरून, "बरं" एवढंच? ढीगभर कामं पडलेली असताना नवरीचा बाप खाटेवर जाऊन बसतो म्हणजे काय?

हीच तक्रार घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई गूळ फोडत होती. तिनं मान वर केली. "आबा गये नही का?"

"कुठं जाणार होते?"

"गावले. नऊनी गाडीवर जानार व्हतात." तिनं बत्ता खाली ठेवला. "तू काही बोलनी का त्यासले?"

मी कशाला काही बोलू, म्हटलं. नुसता कागद दिला. आईनं विचारलं, गावाचे किती लिहिले? दोनशे तीन, म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आनि ते चौदा?"

"कुठले चौदा?"

"तुना काकानं घर शे ते, बाई," आई म्हणाली. "काका, काकू, तीन पोरं, तीन सुना, सहा नातवंडं. मोज."

मी मोजलं. गुळाच्या ढेपेसमोर उभी राहून बोटांवर मोजलं, आणि चौदाच भरले. मग आईनं सगळं सांगितलं. काकांचं नाव वहीत लिहायला आबांचा हात उचलेना. पण फोनवर चौदा वाढव म्हणून आले तेव्हापासून घरात मोकळे वागत होते. सोन्यासारखा दिवस बघून स्वतः जायचं, चूलबंद आवतण द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एक अट त्यांची त्यांनीच घालून घेतली होती, मला विचारल्याशिवाय नाही. फोनवरचं ते "वाढवशील ना?" म्हणजे तेच विचारणं होतं. कारण काका उठून गेले ते माझ्या लग्नातून, आणि पाठवणीचं दुःख माझं. सहा वर्षं मी उठताबसता तेच बोलून दाखवलं होतं. मी फोन करून काढू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना वाटलं मी काकांबद्दलच विचारते आहे. आणि आता कागदावर दोनशे तीन बघून त्यांना माझं उत्तर मिळालं होतं.

मला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून पुन्हा तोच संताप वर आला. सरळ सांगायला काय झालं होतं या माणसाला? काका, हे दोन अक्षरांचं नाव तोंडातून काढायला यांना काय धाड भरली होती? आणि मी तरी काय केलं? शेपटीत कोण बसलंय हे न बघता सगळ्या शेपट्या एका झटक्यात कापल्या, वर खारी खाल्ली.

मी आत गेले. आबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते.

"ते चौदा मी काढले नाहीत," मी म्हणाले.

"कागदावर नहीत."

"नाहीत, पण मी नाही काढले. तो तारा असतो ना, तो अधिकच्या पुढचं सगळं उचलतो. मला माहीतच नव्हतं ते काका आहेत. तुम्ही सांगितलं कुठं?"

आबांनी माझ्याकडे त्याच नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं ते पाटाचं पाणी आपोआप दुसऱ्याच्या शेतात गेलं म्हणणाऱ्याकडे बघत असत. "आकडा काय आपोआप जातो?"

"जातो! माझ्या कॉम्प्युटरात जातो!" माझा आवाज चढला आणि त्याच वेळी मला रडूही आलं. "मला काका हवेत आबा. त्या दिवशीही हवे होते, म्हणून तर इतकी वर्षं ओरडते आहे. तुम्हाला एवढंही कळू नये?"

मी त्यांच्या खिशातून कागद ओढून काढला, उशीवर ठेवला, त्यांचंच पेन घेतलं आणि गावाच्या ओळीत दोनशे तीनच्या पुढे हातानं लिहिलं, अधिक चौदा. शाई कागदात जरा पसरली. कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून तो आकडा वाचला. मग म्हणाले, "पंधरा कर."

"आता आणखी कोण?"

"नातू व्हयना त्याले. तीन महिना व्हई गयात. धाकला म्हनीसन मोजा नव्हता."

सहा वर्षं ज्या घराचं नाव या माणसानं तोंडातून काढलं नव्हतं, त्या घरात कोण कधी जन्मलं याचा महिना त्यांना पाठ होता. मी चौदा खोडून पंधरा केले. आबा उठले, खुंटीवरची टोपी घेतली, चपला घातल्या. नऊची गाडी गेलीच होती, साडेदहाची मिळाली.

गावात काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी परतले, पिशवी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "चूलबंद दिलं." आचाऱ्याला मी पंधराचा कागद दाखवायला गेले तर त्यानं तो बघितलाही नाही. पंधरा माणसांनी माझं काही अडत नाही ताई, म्हणाला. महिनाभर मी ज्याच्यासाठी जीव काढला, त्या कागदावर त्यानं रात्री पापड ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी गावाची पंगत बसली तेव्हा मी बट्ट्यांचं ताट घेऊन वाढत होते. काका आले होते. केस पार पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला गेले, पण ते जमेना, म्हणून नुसतंच "जाड झालीस" म्हणाले. मी त्यांच्या घरची माणसं मोजली. पंधरा. पंधरावं काकूच्या मांडीवर, काजळ फासलेलं, तोंडात दात नाही. मी हट्टानं त्याच्यापुढेही पत्रावळ मांडली आणि त्याच्या वाटणीची बट्टी वाढली, कारण माझ्या तक्त्यात त्याच्या नावाचं दोनशे ग्रॅम पीठ होतं.

मागून आबा तुपाचं भांडं घेऊन येत होते. बाळाच्या पत्रावळीपाशी ते थांबले.

"याची बट्टी कोन खाई?" कुणाकडेच न बघता त्यांनी विचारलं.

काकांनी आपली पत्रावळ थोडी पुढे सरकवली. आबा खाली बसले, बाळाची बट्टी उचलून काकांच्या पत्रावळीत हातानं कुस्करली, आणि भांडं कलतं करून वर तूप ओतायला लागले. काका बस म्हणेनात. आबा थांबेनात. दर माणशी तूप किती, याचंही माझ्याकडे सूत्र होतं, चांगलं दोनदा तपासलेलं. आबांनी ते माझ्या डोळ्यांदेखत मोडलं, आणि मी ताट हातात घेऊन नुसती बघत उभी राहिले.